ख्रिस्ती लोकांचा देव एक की तीन?

शिरोलीचा_टर्नर

मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमच्या शॉपमध्ये शेजारच्या लेथवर माझा एक मित्र आहे, ख्रिस्ती. डबा आम्ही एकत्रच खातो. मागं त्याला सहज विचारलं, "देव एकच म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं कोण?" म्हणाला, "तिघं मिळून एकच." मी म्हटलं, कुठल्याही मापानं मोजलं तरी तीन ते तीनच. तो हसला. "पाळकसाहेबांना विचारून सांगतो," म्हणाला. तेव्हापासून विषय काढला की माझ्याकडं लोणच्याची फोड सरकवतोय.

चेष्टा करायची नाही, खरंच समजून घ्यायचंय. नेटवर शोधलं तर एकतर प्रवचन मिळतंय नाहीतर शिव्या. ही माणसं नक्की मानतात काय? आणि एवढं अवघड करून मानायची गरज का पडली? नुसतं 'देव एक' म्हणून भागलं नसतं का?

तांबडा_पांढरा

त्यात काय अवघड भावा. ब्रह्मा, विष्णू, महेश. नरसोबाच्या वाडीला जा, तीन तोंडाचा एक देव, दर्शन घे, येताना कवठाची बर्फी आण. विषय कट.

शाहूपुरीची_माई

बर्फी आणाच, पण वाडीला गाभाऱ्यात मनोहर पादुका आहेत. तीन तोंडं तसबिरीत.

मी ख्रिस्ती. वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारी आमच्या घरातली ही तिसरी पिढी. (रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ साली. तेव्हापासून हा प्रश्न या शहरात विचारला जातोय, त्यामुळे तुम्ही पहिले नाही.) आयुष्यभर शाळेत शिकवलं, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तीन देव नाहीत, हे आधी पक्कं करू. येशू यहुदी, त्याचे शिष्य यहुदी. "हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे," हे त्यांचं रोजचं म्हणणं. रोमन बादशहाच्या पुतळ्यापुढं चिमूटभर धूप टाकायला नकार देऊन जीव गमावणारी ही परंपरा. त्याच माणसांनी येशूला 'प्रभू' म्हटलं, त्याच्या नावानं प्रार्थना केली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा द्यायला लागली. देव एकच, हे सोडायची तयारी नाही. येशूत जो भेटला तो देवच, हेही सोडवेना. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात हे तिघं, आलं ते या कोंडीतून. कुणी पंडितानं रिकाम्या वेळी मांडलेलं गणित नव्हे ते.

आता त्रिमूर्तीचं. तिथं ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, शंकर संहार करतो, अशी कामं वाटलेली आहेत. आमच्याकडं खातेवाटप नाही. योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राची, सुरुवातच बघा: "प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता." सगळं काही त्याच्याद्वारे झालं, असं पुढं येतं. हा शब्द म्हणजे पुत्र. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या पानावर देवाचा आत्माही आहेच. म्हणजे सृष्टी तिघांची, तारण (माणसाचा उद्धार) तिघांचं. आणि दत्तात तिघं एका देहात आले अशी कथा आहे; इथं तीन जोडून एक झालेला नाही. पिता म्हणजे देवाचा तिसरा हिस्सा नव्हे. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव, आणि देव एकच. 'काय आहे?' विचारलंत तर उत्तर एक. 'कोण आहे?' विचारलंत तर तीन.

शिरोलीचा_टर्नर

माई, म्हणजे पाणी, बर्फ आणि वाफ? आमच्या स्टोअरकीपरनं असंच सांगितलं.

निवृत्त_पाळक

अहो, ते तेवढं नको! संडे स्कूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगतात आणि मग मोठेपणी आम्हाला ते काढून टाकावं लागतं. तिसऱ्या शतकात साबेल्लियस नावाच्या गृहस्थांच्या नावावर हीच शिकवण आहे: देव एकटाच, कधी पित्याच्या वेषात येतो, कधी पुत्राच्या, कधी आत्म्याच्या. मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ती नाकारली. कारण शुभवर्तमानात तिघं एकाच वेळी दिसतात. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून वाणी होते, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे." आता इथं एकच नट तीन भूमिका करतोय म्हटलं तर पिता कुणावर प्रीती करतोय? आरशावर?

(एवढ्यात कुणी इंजिनिअर पाण्याचा ट्रिपल पॉइंट, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र राहतात तो बिंदू, काढणार. त्यांनाही नमस्कार.)

चुकायच्या वाटा मोजक्याच आहेत. तीन वेगळे देव मानले की यहुदी वारसा गेला. एकाचे तीन वेष मानले की नातं गेलं. पिता खरा देव आणि बाकीचे दोघं हाताखालचे मानले, की येशूची उपासना म्हणजे मूर्तिपूजा ठरते. मंडळीचे सगळे विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली विधानं) ही या तीन खड्ड्यांभोवतीची कुंपणं आहेत. कुंपणाच्या आत काय आहे त्याचं पूर्ण वर्णन करतो, असा त्यांचा दावाच नाही. जुना ख्रिस्ती पंडित ऑगस्टीन तर स्पष्ट म्हणतो की तुला पूर्ण कळला असेल तर तो देव नव्हे.

भिंगातून

कुंपणं कुणी घातली तेही सांगा की. ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहानं निकियात बिशप गोळा केले, हात वर करायला लावले, येशू देव झाला. त्याआधी तो एक चांगला प्रवचनकार होता. साम्राज्याला एक देव सोयीचा, एवढीच गोष्ट. निकियाला गेल्या वर्षी-दोन वर्षांत सतराशे वर्षं झाली म्हणून सगळीकडं कौतुकाचे लेख आले, हे कुणी लिहिलं नाही.

वाचनकट्टा

कुणी लिहिलं नाही कारण तसं घडलं नाही. मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा विद्यार्थी.

इसवी सन ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाचा रोमन सुभेदार होता. त्यानं ट्राजन बादशहाला पत्र लिहिलंय: या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला कळलं ते असं, की ही माणसं ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात. निकियाच्या दोनशे वर्षं आधीचं पत्र, तेही विरोधकाचं. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याची पत्रं त्याहून जुनी, इसवी सन ५० नंतरच्या दशकातली, आणि त्यांत येशू 'प्रभू' आहेच.

निकियातला वाद येशूला भजायचं का, हा नव्हता. दोन्ही बाजू भजत होत्या. अलेक्झांड्रियातला अरियस म्हणत होता की पुत्र सगळ्यांत थोर, जगाच्या आधीचा, पण शेवटी निर्माण केलेला. तो नव्हता अशी वेळ होती. माणूस हुशार. आपलं म्हणणं गाण्यांत बांधून खलाशी आणि गिरणीवाल्यांच्या तोंडी बसवलं त्यानं. परिषदेनं उत्तर दिलं: पुत्र निर्माण केलेला नाही, पित्यापासून जन्मलेला आहे, आणि पित्याशी एकतत्त्व आहे. हा जन्म काळातला नाही. पिता अनादी असेल तर तो पिता अनादीच, म्हणजे पुत्रही अनादी. शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोन निघाले, त्यांना अरियसबरोबर हद्दपार केलं.

आता 'बादशहानं ठरवलं' ते बघा. कॉन्स्टंटाइननं मरताना ३३७ साली बाप्तिस्मा घेतला तो अरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस उघड त्याच गोटातला. निकियाची बाजू लावून धरणारा अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. बादशहांच्या मर्जीवर असतं तर अरियसच जिंकला असता. वाद मिटायला ३८१ उजाडलं. त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याबद्दलचा भागही पक्का झाला.

त्या शहराबद्दल निस्साच्या ग्रेगरीनं वैतागून सांगितलेलं मला फार आवडतं. पावाचा भाव विचारा, दुकानदार म्हणतो पिता मोठा, पुत्र लहान. अंघोळीचं पाणी तापलं का विचारा, नोकर म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला.

तांबडा_पांढरा

म्हणजे आमचा गंगावेशीतला दुधाचा कट्टा की! दुधाचा ग्लास हातात यायच्या आधी सांगायचं, फुटबॉलात पाटाकडील का दिलबहार.

भिंगातून

प्लिनीचं मान्य. पण तत्त्वज्ञानाची ग्रीक भाषा बाहेरून आली हे तरी मान्य करा. गालीलच्या कोळ्यांना 'एकतत्त्व' कळलं असतं का?

वाचनकट्टा

नसतं कळलं. पण त्यांनी ज्याच्यापुढं गुडघे टेकले तो निर्माण केलेला आहे असं सांगितलं असतं, तर ते त्यांना ताबडतोब कळलं असतं आणि ते उठून उभे राहिले असते.

मोहल्ल्यातला_मास्तर

सलाम सगळ्यांना. आमचं म्हणणं माहीत असेलच, तरी मांडतो. अल्लाह एक आहे, तो कुणाचा बाप नाही, त्याला कुणी जन्म दिलेला नाही, त्याच्या बरोबरीचा कुणी नाही. सूरह इख्लास, लहान मुलांनाही पाठ असते. हजरत ईसा आमचेही पैगंबर, बीबी मरियमच्या नावाची अख्खी सूरह आहे. त्यामुळे अनादर अजिबात नाही.

प्रश्न असा. पकडायच्या रात्री ईसा बागेत गुडघ्यावर बसून प्रार्थना करतात, हे तुमच्याच किताबात आहे. ते खुद्द देव असतील तर प्रार्थना कुणाची करत होते?

शाहूपुरीची_माई

मास्तर, हा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलानं विचारला होता आणि त्याला गप्प बसवणाऱ्या बाईंपैकी मी नव्हते.

आधी 'बाप-मुलगा' याबद्दल. देवाला बायको आणि तिच्यापासून मूल, असा अर्थ आम्हीही पाप मानतो. तुमची सूरह जे शरीराचं जन्मणं नाकारते ते आम्हीही नाकारतो. वाद उरतो तो पुढचा.

गेथशेमाने बागेत पुत्र पित्याशी बोलतो. देव स्वतःशी बोलत नाही. पाळकसाहेबांनी साबेल्लियसचं सांगितलं, त्याची अडचण या बागेतच होते. आणि तो पुत्र तेव्हा खरा माणूस आहे. देवानं माणसाचं सोंग घेतलेलं नाही. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेनं हे शब्दांत बांधलं: एकच ख्रिस्त, खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही स्वभाव एकमेकांत न मिसळता, न बदलता, न तुटता, न विभागता. म्हणून तो भुकेला होतो, वादळात नावेत उशी घेऊन झोपतो, लाजराच्या कबरीपाशी रडतो. बागेत घाबरतोही. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." माणूस असून प्रार्थना केली नसती तर मी म्हटलं असतं काहीतरी गडबड आहे.

मोहल्ल्यातला_मास्तर

पण माई, 'माझी इच्छा' आणि 'तुझी इच्छा' अशा दोन इच्छा आल्या की दोन देव आले. पळवाट दिसत नाही मला.

निवृत्त_पाळक

मास्तर, तुम्ही नेमकं सातव्या शतकात बोट ठेवलंत. ख्रिस्ताला इच्छा एक की दोन, यावर तेव्हा रणं माजली. बादशहाला 'एकच' हवी होती, राज्यातले दोन्ही गट एकत्र येतील म्हणून. मॅक्सिमस नावाचा म्हातारा संन्यासी अडून बसला: येशूला माणसाची इच्छा नसेल तर तो अर्धाच माणूस, मग तारणही अर्धंच. ६६२ साली त्याची जीभ आणि उजवा हात कापला आणि त्याला हाकलून दिलं. त्याच वर्षी तो गेला. ६८१ च्या परिषदेनं त्याचंच म्हणणं उचलून धरलं. पिता, पुत्र आणि आत्मा यांची देव म्हणून इच्छा एकच. बागेत दुसरी इच्छा दिसते ती येशूच्या माणूसपणाची, आणि ती पहिलीच्या स्वाधीन होते. म्हणून दोन देव होत नाहीत.

(भिंगातून, बादशहांचं इथंही चाललं नाही, नोंद घ्यावी.)

मोहल्ल्यातला_मास्तर

उत्तर व्यवस्थित आहे. मला अजून ते देवाच्या एकपणाला तडजोडच वाटतं. वाचतोय.

जागृत_करवीर

हे सगळं गोड बोलून धर्मांतराची वाट आहे. कुणी कुणाला किती पैसे...

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. त्या विषयाला वेगळा धागा काढावा. इथं देवाच्या स्वरूपावरच बोलावं, उणीदुणी नकोत.

हुपरीची_चांदी

आम्ही जैन. आमच्याकडं जगाला कर्ता नाही, जग अनादी आहे. त्यामुळं तुमचं एक की तीन यात मला फार रस नाही, माझा प्रश्न त्याच्या आधीचा. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी महापुराणात हे विचारून ठेवलंय: देवानं जग केलं म्हणता, तर त्याआधी तो कुठं होता? माल कुठून आणला? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो पूर्ण असेल तर करायची इच्छाच का झाली? ज्याला काही कमी नाही तो कारखाना काढत नाही. इच्छा झाली म्हणजे उणीव आली, उणीव आली म्हणजे देवपण गेलं.

निवृत्त_पाळक

या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. उठून चहा केला आणि मग लिहायला बसलो.

माल कुठूनच आणला नाही. सृष्टी शून्यातून झाली असंच आम्ही मानतो, देवानं स्वतःचा तुकडा तोडून ती केली नाही. म्हणून अद्वैताशी आमचं जमत नाही: जग हा देवाचा अंश नाही, भास तर नाहीच नाही. 'आधी कुठे होता' याला ऑगस्टीनचं उत्तर असं की काळही सृष्टीबरोबरच निर्माण झाला, त्यामुळं 'आधी' हे तिथं लागूच होत नाही.

इच्छा का झाली? एकटा, नात्यावाचूनचा देव मानला तर जिनसेनाचार्यांचं म्हणणं फार वजनाचं आहे. मला तरी ते खोडता येत नाही. असा देव प्रेमळ आहे म्हणायचं, तर प्रेम करायला त्याला कुणीतरी लागणार. म्हणजे जग झाल्यावर तो प्रेमळ झाला. त्याचं प्रेम आपल्यावर अवलंबून राहिलं. इथं त्रैक्य कामाला येतं. बाराव्या शतकात पॅरिसमध्ये सेंट व्हिक्टरच्या मठातल्या रिचर्डनं हे फार नीट मांडलंय. "देव प्रीती आहे," असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. प्रीती करतो एवढंच नाही, तो प्रीतीच आहे. तसं असेल तर जगावाचूनही त्याच्यात प्रीती करणारा हवा, जिच्यावर करायची ती व्यक्ती हवी, आणि दोघांचं प्रेम दोघांतच कोंडून न राहता ज्याच्याबरोबर वाटून घ्यावं असा तिसरा हवा. पिता, पुत्र, आत्मा. त्याला आपली गरज पडली नाही. गरज नसताना त्यानं आपल्याला केलं, याला आम्ही कृपा म्हणतो.

टर्नरसाहेब, 'नुसतं देव एक म्हणून भागलं नसतं का' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. देव सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, सर्वव्यापी हे सगळे एकेश्वरवादी म्हणतात, आम्हीही म्हणतो. पण तो मुळातच प्रीती आहे हे म्हणायचं तर त्रैक्यावाचून मला वाट दिसत नाही.

हुपरीची_चांदी

युक्तिवाद चांगला बांधलाय. पण तिघांचं आपसात पूर्ण भागत होतं, तर तिथंच थांबायचं होतं. उणीव नसताना केलं म्हणता, म्हणजे विनाकारण केलं. आणि त्या विनाकारण केलेल्या जगात एवढे भोग. आमचं कर्म तरी हिशेब देतं.

वाचनकट्टा

थोडं विषयांतर, पण मराठी माणसानं या वादात काय केलं हे इथं यायलाच हवं.

१६१६ सालचं फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठी ओवीत. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट पंथाचा पाद्री, पण नमनातच "देवा बापा सर्व समर्था" म्हणतो. आपल्या पुराणांना नमनात गणपती लागतो, तिथं यानं त्रैक्य बसवलं.

पण खरी गंमत पंडिता रमाबाईंची. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांची तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या कॉलेजातल्या मिस बील यांच्याशी जी पत्रापत्री झाली ती वाचण्यासारखी आहे. त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण यांवर रमाबाई थेट शंका काढतात. तुमच्या चर्चनं सांगितलं म्हणून मी मानणार नाही, शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, असा एकूण पवित्रा. बिचाऱ्या सिस्टरना घाम फुटला. शास्त्र्याची मुलगी, पाठांतर आणि वादविवाद घरातच शिकलेली. तिला 'हे गूढ आहे, मान' म्हणून कोण गप्प बसवणार? पुढं त्या ख्रिस्ताच्या देवपणापर्यंत पोचल्या, पण आपल्या पायानं. त्याच बाईंनी नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते काम हातावेगळं करून १९२२ साली गेल्या.

बंगालकडं ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ साली संस्कृत स्तोत्र रचलं, त्यात त्रैक्य सच्चिदानंद म्हणून येतं: सत् पिता, चित् पुत्र, आनंद आत्मा. त्याआधी १८८२ मध्ये केशवचंद्र सेनांनी तीच कल्पना व्याख्यानात मांडली होती. मला ते आवडतं, पण जरा जास्तच सुबक वाटतं. सच्चिदानंद कुणाला हाक मारत नाही.

शाहूपुरीची_माई

टिळक राहिले की हो! १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ताला सरळ माउली म्हणतात. आमच्याकडं पेटी-तबल्यावर त्यांची पदं म्हणताना बाहेरच्याला भजनच चाललंय असं वाटतं. देवाला पिता म्हणतो म्हणून तो पुरुष आहे असं कुणी समजू नये. देव आत्मा आहे, त्याला शरीर नाही. यशयाच्या पुस्तकात तो स्वतःला लेकराला न विसरणाऱ्या आईच्या जागी ठेवतो.

शिरोलीचा_टर्नर

सगळं वाचतोय. तीन आणि एकचं बरंचसं डोक्यात शिरलं. पण हुपरीवाल्यांनी शेवटी भोगांचं काढलं ना, तिथं अडकलोय.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा माझी मावशी चिखलीत होती. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ. तरी त्या वर्षी पाणी कुणाच्याच अंदाजात बसलं नाही. गोठ्यात गुडघ्याएवढं झालं तेव्हा तिनं विळ्यानं म्हशींची दावी कापली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून सोडून दिल्या. एक म्हैस आठवड्यानं शियेच्या बाजूला सापडली. दुसरी नाही. दूध घालून ज्या मुलीची फी भरायची, तिचं ते वर्ष गेलं. देव प्रीती आहे म्हणता. तेव्हा तो काय करत होता? त्याला काही वाटलं का, एवढं तरी सांगा.

शाहूपुरीची_माई

वाटलं. माझं उत्तर एवढंच आहे. पूर का आला ते मला सांगता येत नाही, आणि 'त्यात देवाचा हेतू होता' असं कुणी मावशींना सांगितलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. पण ज्या देवाला मी मानते तो क्रूसावर मेलाय. उत्तम शुक्रवारी आम्ही तीन तास हेच ऐकतो. तो वरून बघत नव्हता. गोठ्यात होता, पाण्यात.

निवृत्त_पाळक

माईंचा आदर राखून थोडं अडवतो. मंडळीची जुनी शिकवण अशी की देव बदलत नाही, आणि आपल्यासारखा दुःखानं हेलकावत नाही. हे त्याच्या निष्ठुरपणाबद्दल म्हटलेलं नाही. जो स्वतः बुडतोय तो दुसऱ्याला काढू शकत नाही, म्हणून म्हटलेलं आहे. देवाचं प्रेम आपल्या दुःखानं कमी-जास्त होत नाही, यात मला आधार वाटतो. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणाला की पुत्रानं अविकारी राहून दुःख भोगलं: देव म्हणून तो दुःखाच्या पलीकडचा, पण त्यानं माणसाचा देह घेतला आणि त्या देहात खरंखुरं दुःख सोसलं. क्रूसावर कोण मेला? देवाचा पुत्र मेला. पण त्याच्या माणूसपणात मेला. पिता मेला असं म्हणणाऱ्यांना मंडळीनं फार लवकर बाजूला केलं.

शाहूपुरीची_माई

पाळकसाहेब, सिरिल बरोबर असेल. पण पित्यानं पुत्र गमावला आणि पित्याला काहीच झालं नाही, हे मला पटत नाही. जपानमध्ये युद्ध संपल्या संपल्या, १९४६ साली, कितामोरी या ख्रिस्ती धर्मपंडितांनी देवाच्या वेदनेवर लिहिलं. जर्मनीतले मोल्टमन तर स्वतः युद्धकैदी होते, त्यांनी १९७२ साली मांडलं की क्रूसावर पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. दोघांचं दुःख वेगळं, पण दोघांनाही आहे. ही माणसं ढिगाऱ्यातून आलेली होती. त्यांना न हलणारा देव चालला नाही.

निवृत्त_पाळक

मोल्टमन मीही वाचलेत, भारावूनही गेलो होतो. माझी अडचण अशी: दुःख देवाच्या स्वभावातच घातलं तर ते कायमचं झालं. मग प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, शेवटी 'तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसेल' म्हटलंय, ते पुसणार कोण?

शाहूपुरीची_माई

ज्याचे स्वतःचे पुसून झालेत तो. वाद चालू ठेवू, रविवारी भेटाल तेव्हा.

हुपरीची_चांदी

ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती बघायला मजा आली. मी माईंच्या बाजूनं, जरी दोघांचाही देव मी मानत नसलो तरी.

तांबडा_पांढरा

दारावर पुस्तकं घेऊन येतात ते पण हेच सांगतात का? मागं दोघं आले होते, टाय लावून. त्रैक्य-बिक्य काही नाही म्हणाले.

निवृत्त_पाळक

यहोवाचे साक्षीदार असतील. ते त्रैक्य मानत नाहीत. त्यांच्या मते पुत्र निर्माण केलेला, म्हणजे अरियसच्या फार जवळ. पेंटेकॉस्टल मंडळींतही 'फक्त येशू' म्हणणारा एक पंथ आहे, तो साबेल्लियसच्या अंगानं जातो. जुने वाद मरत नाहीत, पत्ता बदलतात. बाकी कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, आम्ही प्रोटेस्टंट, हजार गोष्टींवर भांडू, पण निकियाचं एकतत्त्व तिघांनाही मान्य. आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, यावर पूर्व आणि पश्चिम अजून रुसलेले आहेत, ते वेगळं.

शिरोलीचा_टर्नर

शेवटचं विचारतो. उद्या समजा मावशीसाठी प्रार्थना करायची झाली, तर तुम्ही नेमकी कुणाला करता? तिघांपैकी?

निवृत्त_पाळक

रूढ वाट अशी: पित्याला, पुत्राच्या नावानं, आत्म्याच्या साहाय्यानं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना येशूनंच शिकवली. शेवटी "येशूच्या नावाने मागतो" म्हणतो. आणि शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हतो, असं पौल रोमकरांस पत्रात सांगतो. म्हणजे प्रार्थना करणारा तिघांच्या मधे उभा असतो. पण नियम म्हणून नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगडमार झाला तेव्हा त्यानं थेट येशूला हाक मारली. पवित्र आत्म्याला उद्देशूनही गीतं आहेत. कुणाला हाक मारली म्हणून बाकीचे दोघं रुसत नाहीत.

मावशींचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बुधवारच्या प्रार्थनेत घेतो. आणि त्या मुलीचं शिक्षण पुढं सुरू झालं का, तेही कळवा.

शिरोलीचा_टर्नर

झालं सुरू. आयटीआयला आहे, वायरमन ट्रेड. व्यनि केलाय.